गोष्टीचं पुस्तक, ‘हट्टी’ मुलं आणि कानातलं तेल

‘एवढी चित्रांची पुस्तकं आणली तरी मूल ऐकत नाही’ हा मेसेज ठाण्या-नवी मुंबईतून इतक्यांदा येतो की काही प्रश्न एकत्रच घेते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी, त्यामुळे माझी गाडी शेवटी कुठे वळते ते जुन्या वाचकांना माहितीये.

प्रश्न : मुलगी सव्वा वर्षाची, गोष्ट ऐकतच नाही, पुस्तक चावते. (ऐरोली)
चावू दे. जाड पुठ्ठ्याचं आणा.

प्रश्न : शाळा इंग्लिश मीडियम, मग पुस्तकं मराठी घ्यायची की इंग्रजी? (खारघर)
ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेतली.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. पुस्तक समोर धरलं की रमतो, पण किचनमधून हाक मारली तर ढिम्म. टीव्ही मोठ्याने लागतो, सर्दी कायमचीच. सासूबाई म्हणतात, याचे बाबा पण असेच हट्टी होते, कानात कोमट तेल घाल. शिस्तीची कुठली पुस्तकं घेऊ? (घोडबंदर रोड)
कुठलीच नको, आधी कान तपासा. अहो, सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे बऱ्याचदा पाणी साठतं, दुखत नाही, ताप नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्या पोराला सगळं दबलेलं, अर्धवट ऐकू येतं. पुस्तकात रमतो कारण तिथे चित्र आहे, तुमचं बोट आहे, तुमचा चेहरा जवळ आहे, तो अंदाजाने जुळवतो. घरी एवढंच बघा, बोट न दाखवता, शेजारी बसून हळू आवाजात विचारा, ‘मांजर कुठे लपलंय?’ दर वेळी तुमच्या तोंडाकडे बघत असेल तर ती खूण समजा, पण ही टेस्ट नाही. टेस्ट म्हणजे टिम्पॅनोमेट्री : मांडीवर बसवून कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक लावतात, काही सेकंदांत ग्राफ येतो, पाणी असेल तर डोंगराच्या जागी सपाट रेघ. सोबत ऐकण्याचीही तपासणी होते. जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती हे इथे उपयोगाचं नाही, पाणी नंतर साठतं. बऱ्याचदा ते तीन महिन्यांत आपोआप जातं, पण थांबायचं की नाही हे ईएनटीने ठरवायचं, शेजारणीने नाही. आणि तेल? पाणी पडद्याच्या आत, तेल बाहेर, पोचणार कसं? पडद्याला भोक असेल तर उलट इन्फेक्शन. बाबांचे कान तेव्हा कुणी तपासले होते का, तेही विचारा एकदा.

प्रश्न : मॉलमध्ये बोलणाऱ्या पेनसकट ‘मॅनर्स सेट’ दाखवला, ईएमआयवर. घेऊ? (वाशी)
नको. पेन पानावर टेकवलं की बोलतं, पण मुलाने मध्येच ‘हा का रडतोय?’ विचारलं तर थांबत नाही, आणि ऐकायची सवय लागते ती त्या थांबण्यातच. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर २०१५पासून फुकट पुस्तकं आहेत, मराठीत पण. चारच निवडा आणि तीच तीच वाचा. उरलेल्या पैशात कान तपासून होतील.

प्रश्न : तीन वर्षांची आहे, पाहुण्यांसमोर थँक्यू म्हणतच नाही, सगळ्यांसमोर लाज वाटते. (कोपरी)
लाज तुम्हाला वाटते, तिला नाही. पाहुण्यांसमोर ‘काय म्हणायचं बाळा?’ बंद करा, तिच्या वतीने तुम्हीच म्हणा. रात्री पुस्तकात कुणी कुणाला बॉल दिला की थांबा, ‘आता ससा काय म्हणेल?’ विचारा, नाही बोलली तर तुम्ही ससा व्हा. पण नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल किंवा दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल तर हा मॅनर्सचा विषयच नाही, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घ्या.