केमोची ‘सायकल’ दोन चाकांची नव्हे

प्रिय,

बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांसाठी लिहिलेला केमोच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराच्या, पुस्तिकेचा तुझा मसुदा वाचला. पान 3 वर ‘दर 21 दिवसांनी पुढची सायकल’ असं आहे. आपल्या वाचकाला तिथे दोन चाकांची सायकल दिसणार. वॉर्डात मात्र सगळे हाच शब्द वापरतात, म्हणून तो गाळू नकोस, फोडून सांग: ‘तुला 6 वेळा औषध देतील. डॉक्टर प्रत्येक वेळेला एक सायकल म्हणतात.’ 6 हा आकडा ज्याचा त्याचा. तिथे मोकळी चौकट ठेव. 21 दिवसांसाठी कॅलेंडरचं पान छाप. रोज एक दिवस खोडायचा, केमोच्या दिवशी स्टिकर लावायचा.

मुखपृष्ठावरचा खेकडा, कॅन्सरचं चिन्ह असला तरी, काढ. पोटात खरोखरीचा खेकडा आहे असं वाटलं, तर ती भीती घालवणं फार कठीण. ‘सलाईन चढवणे’, ‘फुफ्फुसावर डाग’, ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ यांचंही तेच. डाग धुतला की जातो ना? ‘कर्करोग’ऐवजी ‘कॅन्सर’ लिही. कानावर तोच शब्द पडणार आहे.

एका वाक्यात एकच गोष्ट, आठ-दहा शब्दांत. चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे. इंग्रजीला 14 पॉइंट पुरतो, पण आपले रफार नि जोडाक्षरं त्यात गिचमिड होतात, 16 घे. नुसता हात किंवा नुसती छाती काढलीस तर तो अवयव कापलेला वाटतो. आधी पूर्ण माणूस दाखव, मग त्यावर बाण. खुर्ची आणि सलाईनचा स्टँड यांचे त्याच वॉर्डातले फोटो सगळ्यांत उत्तम.

सर्वांत कच्चं पान 7, तापाचं. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, आणि साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. ‘100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर लगेच फोन करा, विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका’ हे सोबत्याच्या पानावर जाऊ दे. वाचकासाठी एवढंच: ‘थंडी वाजते? अंग गरम लागतं? लगेच सांग. रात्री पण सांग.’ रात्री कुणाला उठवायचं नाही, हे त्यांना घरात पक्कं शिकवलेलं असतं. दुखणं शब्दांत येईलच असं नाही. जेवण टाकणं, डोकं आपटणं यांकडे बघायला सोबत्याला सांग.

घरचे म्हणतील, ‘त्याला कॅन्सर सांगू नका.’ पण कारण न कळता केस गळले, सुया टोचल्या, तर तो त्याला शिक्षा समजेल.

छापण्याआधी पाच-सहा वाचकांना एकेकटं भेट, योग्य मानधन देऊन. ‘कळलं का?’ विचारलंस तर ‘हो’च येणार, ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो, हे त्यांना ठाऊक असतं. ‘ताप आला तर काय करशील?’ असं विचार. आई शेजारी असेल तर उत्तर तीच देईल. तिला चहाला पाठव. दोघं एकाच ओळीवर अडले, तर ती ओळ बदल.

पान 7 सुधारून आधी पाठव, बाकीचं सावकाश.