ड्राइव्हट्रेनमधली ‘ट्रेन’ कुठली?

प्रश्न आहे : गाडीची ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिनच का, आणि तिला मराठीत काय म्हणावे?

इंजिन नव्हे! ‘१२०० सीसीची दमदार ड्राइव्हट्रेन’ असले काही ऐकले की माझे डोके फिरते. सीसी, म्हणजे सिलिंडरांची घनसेंटिमीटरमधली क्षमता, इंजिनाची असते. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा लांब दांडा), डिफरन्शियल (ती दोन्ही चाकांत वाटणारी दातेरी चाकांची पेटी), अ‍ॅक्सल (चाकांचा आस) हे सगळे मिळून ड्राइव्हट्रेन. इंजिनही त्यात धरले की पॉवरट्रेन. विजेच्या गाड्या आल्यापासून मोटरसकट सगळ्याला सर्रास ड्राइव्हट्रेन म्हणू लागलेत. मला ते मान्य नाही. मग पॉवरट्रेन हा शब्द उरतो कशाला?

खरी मजा ‘ट्रेन’मध्ये आहे. हिचा रुळांशी काही संबंध नाही. मूळ लॅटिन धातू ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे. ट्रॅक्टरही त्याच घरातला. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर ट्रेन म्हणजे झग्याचा मागे लोळणारा घोळ, मग सरदारामागचा लवाजमा, मग एकामागून एक येणाऱ्या कशाचीही रांग. घड्याळातल्या एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांना ट्रेन म्हणू लागले तेव्हा आगगाडीचा जन्मही झाला नव्हता.

म्हणून ‘चालक रेल’ हे भाषांतर साफ चूक. ‘शक्तिपारेषण प्रणाली’वाल्यांशीही माझे भांडण आहे. पारेषण म्हणजे नुसते पाठवणे. तारेतून वीज पाठवायला तो शब्द ठीक, पण इथे एक भाग दुसऱ्याला फिरवतो, दुसरा तिसऱ्याला, हे त्यात कुठे दिसते?

माझा शब्द ‘चालनमाळ’. यंत्राची माळ मराठीला नवी नाही, विहिरीतून पाणी उपसणाऱ्या रहाटाला गाडग्यांची माळ असतेच. आणि हा रहाट शब्द तर काय देखणा आहे! संस्कृत अरघट्ट, प्राकृत अरहट्ट, त्याचा रहाट. त्यातला ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा. बैल गोल फिरतो, आडवे दातेरी चाक फिरते, त्याचे दाते उभ्या चाकात अडकून ते फिरवतात, त्याच्या आसावर रहाट फिरतो आणि माळ वर येते. फिरण्याची दिशा काटकोनात वळवायची हीच युक्ती इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये आहे : शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, मोठ्या क्राउन व्हीलला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो. आणि बैलाला रहाटाचा भाग कोणी म्हणत नाही, तसेच इंजिनालाही ड्राइव्हट्रेनचा म्हणू नये.