बार्शी रोड, बार्शी टाउन आणि मधली 'लाइट'

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या कागदांत पणजोबांच्या कापसाच्या धंद्यातली रेल्वेची एक पावती सापडली. माल 'बार्शी टाउन'हून 'बार्शी रोड'ला गेला, अशी नोंद तिच्यावर आहे. दोन्हीकडे बार्शीच, तर मग माल बार्शीतल्या बार्शीत हलवला का? शिवाय आजी सांगायची की कापूस 'लाइटनं' जायचा. ही लाइट कोणती?

आधी सरळ उत्तर देतो. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शी टाउन म्हणजे खुद्द बार्शी. दोहोंत सुमारे ३५ किलोमीटरचं अंतर आहे, आणि ते अंतर तोडणारी छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. पण रोड, लाइट आणि टाउन हे तीन शब्द इथे ज्या क्रमानं आले त्यात त्या स्टेशनाचा आणि त्या मार्गाचा सगळा इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला शब्द रोड. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढच्या काही वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीनं पुण्याहून आग्नेयेकडे रूळ टाकत नेले. मार्ग भीमेच्या खोऱ्यातून, सपाटीनं गेला. १८५९ मध्ये तो आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला, १८६० मध्ये सोलापूरला पोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडणं हा हेतू असल्यावर वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेसाठी वळण घेणं कंपनीला परवडणारं नव्हतं. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटाकडून, निजामाच्या मुलखातून बैलगाड्या तिथे येत. पण ती राहिली बाजूला.

आता रूळ जिथून गेले तिथे होती कुर्डू गावाची वाडी. मुंबईच्या व्यापाऱ्याला बार्शी ठाऊक होती, कुर्डूची वाडी कशी ठाऊक असणार? म्हणून स्टेशनाला नाव मिळालं बार्शी रोड. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथे उतरा, पुढे रस्ता आहे. हा रोड कुठल्या गल्लीचा किंवा पेठेचा रस्ता नव्हे. आपल्या एसटीच्या जगात याला नेमका शब्द आहे: फाटा. पाली फाट्यावर उतरणाऱ्याला आपण पालीत पोचलो असं वाटत नाही, पाली अजून आत आहे हे त्याला नावातच कळतं. स्टेशनाच्या नावातला रोड हा रेल्वेचा फाटा आहे. गाव इथे नाही, हे तो शब्द प्रामाणिकपणे सांगतो.

महाराष्ट्रात असे रोड पुष्कळ आहेत. नाशिक रोड, वसई रोड, डहाणू रोड, अक्कलकोट रोड. नाशिक रोडहून गावात जायला १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, यावरूनच मधलं अंतर किती जाचक होतं ते समजतं. ही रीत जुनीच आहे असंही नाही. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, आणि तिच्यावर संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशी स्टेशनं आहेत. सावंतवाडी रोड आहे मळगावात.

मुंबईतले रोड मात्र वेगळे धरा. ग्रँट रोड, चर्नी रोड यांत रोड म्हणजे खराच शहरातला रस्ता. ग्रँट रोड हा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरचं म्हणून स्टेशनचंही तेच नाव. 'ग्रँटला जाणारा रस्ता' असा अर्थ तिथे होऊच शकत नाही.

इथे व्याकरणाची एक गोष्ट मला फार आवडते. मराठीत नुसता रोड पुल्लिंगी आहे: हा रोड कुठे जातो, रोड खराब झाला. पण गाडीत खिडकीशी बसलेला माणूस काय म्हणतो? "नाशिक रोड आलं." नपुंसकलिंगी! पुणं आलं, ठाणं आलं, तसंच नाशिक रोड आलं. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात रस्ता उरलेलाच नाही, गाव आणि स्टेशन आहे. परक्या भाषेतून आलेला शब्द मराठीनं कुठल्या अर्थानं स्वीकारला, हे लिंगावरून असं चटकन ओळखता येतं. देहूरोड आणि सातारारोड तर आता स्वतंत्र गावांचीच नावं झाली आहेत, आणि लिहितानाही पुष्कळजण ती जोडून लिहितात.

काही रोड मात्र पुसले गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कारखान्याची वसाहत उभारली, ती कुंडल रोड स्टेशनाजवळ. आज त्या स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी आहे. बार्शी रोडचंही तसंच झालं. रेल्वेच्या कागदांत बार्शी रोड, आणि माणसांच्या तोंडी कुर्डुवाडी किंवा कुर्डवाडी. शेवटी तोंडी असलेलं नाव टिकलं. आज रेल्वेच्या संकेताक्षरांतही ते 'केडब्ल्यूव्ही' आहे. मला वाटतं, यात त्या वाडीचा स्वतःचा पराक्रम आहे. रेल्वेमुळे ती इतकी वाढली, कारखाना, जंक्शन, बाजार असं सगळं तिथे आलं, की दुसऱ्या गावाच्या नावानं ओळखलं जाण्याची तिला गरज राहिली नाही.

आता दुसरा शब्द, लाइट. मराठीत लाइट म्हटलं की पहिल्यांदा वीज आठवते, 'लाइट गेली' ही रोजची तक्रार. त्यामुळे बार्शी लाइट म्हणजे दिव्याची, विजेची गाडी असा अर्थ लावणारे मला भेटले आहेत. तो बरोबर नाही. इथे लाइट म्हणजे हलकी. लाइट रेल्वे ही तांत्रिक संज्ञा आहे: हलके रूळ, हलकी गाडी, कमी खर्च. बार्शीपर्यंत मोठी लाइन टाकावी इतकी वाहतूक नव्हती, आणि बैलगाड्यांनी भागत नव्हतं. या दोहोंमधली जागा लाइटनं घेतली.

ती कल्पना एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. हा गृहस्थ आधी याच जीआयपीत नोकरीला होता. मोठ्या लाइनला माल आणून देणाऱ्या छोट्या लाइनी स्वस्तात कशा बांधता येतील, या विचारानं त्याला झपाटलं होतं. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारच्या ब्रॉडगेजचं, म्हणजे मोठ्या लाइनचं, ५ फूट ६ इंच. रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे.

कॅल्थ्रॉपची खरी करामत रुंदीत नाही, वजनाच्या वाटणीत आहे. इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाचा, कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, असा नियम त्यानं सगळ्या गाडीला लावला. एरवी इंजिन जड असतं म्हणून सगळे रूळ जड टाकावे लागतात, आणि तिथेच पैसा जातो. त्यानं इंजिनाचं वजनच जास्त चाकांवर पसरलं. लीड्सच्या किटसन कंपनीनं बार्शीसाठी बांधलेल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती आणि मागे आणखी चार. रुळांवर भार सारखा पडतो म्हटल्यावर हलके रूळ पुरले, आणि हलक्या रुळांवर भरपूर माल नेता आला. लाइट या शब्दाचा बार्शीतला अर्थ हा असा मोजूनमापून ठरवलेला आहे. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये सुरू झालेली लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅलीची छोटी रेल्वे याच माणसानं, बार्शीच्या अनुभवावर बांधली. आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका लाइनीची शिकवण विलायतेला गेली, हे सोलापूर जिल्ह्यात अजून जास्त लोकांना माहीत असायला हवं.

शब्दाकडे परत येतो. बार्शी लाइट रेल्वे या नावातलं 'रेल्वे' लोकांनी पहिल्यांदा गाळलं, मग सवयीच्या माणसांनी 'बार्शी'ही गाळलं. उरली लाइट. विशेषणाचं नाम झालं. पण मुद्दा असा की ती लाइट 'आली' आणि 'गेली', आला-गेला नाही. स्त्रीलिंग का? कारण गाळलेली 'गाडी' मनात शिल्लक असते. लोकल आली, मेल चुकली, पॅसेंजर उशिरा आहे, एक्स्प्रेस सुटली: सगळ्या स्त्रीलिंगी, सगळ्यांच्या मागे न उच्चारलेली गाडी. तुमच्या आजींची 'लाइटनं' ही तृतीया विभक्ती याच घरातली. त्यांच्या बोलण्यात ना वीज होती ना चूक.

संथपणाची उपमा म्हणूनही 'बार्शी लाइट' वापरलेली ऐकू येते. चालणारा मागे पडला, काम रेंगाळलं की 'अगदी बार्शी लाइट' असं म्हणतात. उपमा खोटी नाही, गाडी सावकाशच जायची. पण वेग कमी ठेवणं हा त्या हलक्या रुळांच्या हिशोबाचाच भाग होता. आणि बैलगाडीला जिथे दीड-दोन दिवस लागत तिथे ती काही तासांत पोचवायची. तिच्या पहिल्या प्रवाशांना ती संथ वाटली नसणार.

मार्ग वाढतही गेला. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला. त्याआधी मुंबई-पुण्याकडून आगगाडीनं येणारे वारकरी बार्शी रोडला उतरून पुढे जवळपास ५० किलोमीटर चालत किंवा गाडीनं जात, म्हणजे नाव बार्शीचं असलं तरी ते विठोबाचंही स्टेशन होतंच. दुसऱ्या बाजूला १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरला. १९२७ मध्ये पंढरपूरकडची बाजू मिरजेला भिडली, कॅल्थ्रॉप वारला तेही याच वर्षी. एकूण २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. इतका पसारा झाल्यावरही नावात बार्शीच राहिली, आणि लातूरचा किंवा सांगोल्याचा माणूसही बार्शी लाइटनंच जात असे.

तिसरा शब्द टाउन. रोड नसता तर टाउनची गरजच नव्हती. बार्शी रोड हे नाव आधीच दिलेलं होतं, त्यामुळे १८९७ मध्ये रूळ खऱ्या बार्शीत पोचले तेव्हा त्या स्टेशनाला नुसतं बार्शी म्हटलं असतं तर मालाच्या पावत्यांवर घोटाळा झाला असता. म्हणून बार्शी टाउन, म्हणजे गावातली बार्शी. गंमत अशी की ज्याच्यापासून वेगळं दाखवायला हा शब्द आला ते बार्शी रोड कधीच नाहीसं झालं, लाइटही गेली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. पण स्टेशनाचं नाव आजही बार्शी टाउन आहे. जोडीतला एक शब्द गेला तरी दुसरा जागा सोडत नाही, असं भाषेत पुष्कळदा होतं.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर या लाइनीशी बांधलेला आणखी एक शब्द सांगतो, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयातला आहे. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली. त्याआधी कंपनीनं आपल्या सगळ्या कामगारांची नोकरी ३१ डिसेंबर १९५३ पासून संपल्याची नोटीस दिली. बहुतेकांना सरकारी रेल्वेनं कामावर घेतलं, पण कंपनीकडून भरपाई मिळायला हवी की नाही, हा वाद उभा राहिला. सगळं अडलं 'रिट्रेंचमेंट' या शब्दावर. आपण त्याला कामगार कपात म्हणतो. धंदा चालू असताना जास्तीचे कामगार काढणं म्हणजेच कपात, की धंदाच हातातून गेल्यावर सगळ्यांना सोडणं ही सुद्धा कपात? नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालयानं पहिला अर्थ धरला आणि बार्शी लाइटच्या कामगारांना त्या शब्दाखाली भरपाई मिळाली नाही. पण लगेच १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मालकी बदलली किंवा धंदा बंद झाला तर भरपाई कशी द्यायची यासाठी २५ एफएफ आणि २५ एफएफएफ ही कलमं आली. एका शब्दाच्या अर्थानं शेकडो घरांचा हिशोब बदलतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. कामगार कायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो.

तर तुमची पावती आता अशी वाचा. पणजोबांचा कापूस बार्शीच्या पेठेतून बार्शी टाउन स्टेशनात आला, नॅरोगेजच्या छोट्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, भरला, लाइटनं कुर्डुवाडीला पोचला. तिथे रुळांची रुंदी बदलत असल्यामुळे हमालांनी गाठी उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवल्या असणार. कापूस बहुधा मुंबईकडे गेला असावा, आणि तसं असेल तर पुढच्या प्रवासाची जीआयपीची पावती वेगळी असेल. त्याच गठ्ठ्यात शोधून पाहा. तिच्यावर माल जिथून पाठवला ते ठिकाण म्हणून बार्शी रोडच लिहिलेलं असेल.