शॉकअप आखूड करण्याआधी मडगार्डखाली हात घाल

जुन्या बुलेटचं मागचं चाक 19 इंची, टायर 3.25 इंच रुंदीचा. तू गाडी खाली बसवायला मागे आखूड शॉकअप (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगवाल्या दांड्या) लावणार, वर जाड टायरही चढवणार, म्हणजे जागा दोन्हीकडून खाल्ली जाणार. उभ्या गाडीवर बोटं घालून 'दिसतंय की अंतर' म्हणू नकोस. सगळे तिथेच फसतात, मीही फसलोय.

जाड टायर चढवून दोन्ही नव्या शॉकअपच्या स्प्रिंगा काढ, नुसत्या दांड्या परत बसव आणि जॅकने चाक वर ढकल, थेट बंपस्टॉपला (शॉकअप पूर्ण दबला की अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत. आता बघ. मडगार्डपेक्षा आतून डोकावणारे बोल्ट आणि टेललाइटची वायर आधी घासते. ॲक्सल (चाकाचा आस) पुढे-मागे सरकवूनही तपास, चेन ताणली की चाकाची जागा बदलते. चेनची ढीलही याच वेळी पाहून घे.

मग स्प्रिंगा बसवून मडगार्डला आतून कणकेचा गोळा चिकटव (घरी विचारून!), मागे कुणाला तरी बसव आणि गल्लीतल्या दोन-चार स्पीडब्रेकरवरून हळू ने. कणकेवर टायरची नक्षी उमटली तर शॉकअप परत कर. वेगात टायर थोडा फुगतो, शिवाय मुंबईच्या पावसात चिखल अडकतो; बोटभर तरी जागा हवीच.

हो, गाडी खाली बसली की साइड स्टँड लांब पडतो, तोही कापावा लागेल, नाहीतर गाडी सरळ उभी राहून पलीकडे कलंडेल.