महाराष्ट्रात नेमानं पुस्तकं वाचणारे किती उरलेत?

ओळखीत कुणीच पुस्तक वाचताना दिसत नाही, मग नेमानं वाचणारे उरलेत तरी का, असं तुम्ही विचारलंय. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी बावीस वर्षं देवघेव सांभाळते. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते सांगते.

थोडेच आहेत. वर्गणी भरणाऱ्या शंभरातले पंधरा-वीस जण दर आठवड्याला पुस्तक बदलतात. दिवाळी अंक आले की मात्र टेबलाशी गर्दी होते, एरवी न फिरकणारेही येतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले आठ कोटींहून जास्त, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते बहुधा हजारभर प्रतींची. हे बघून जीव तुटतो.

पण प्रतींवरून वाचक मोजू नका. काल एक जाडजूड चरित्र परत आलं. मागची तारखेची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, तीही भरली म्हणून तिसरी. पाठीला दोनदा कापडी पट्टी लावलीय. एका प्रतीवर एवढे शिक्के! शिवाय आमच्याकडच्या एक आजी सुनेच्या नावावर पुस्तकं नेतात. सून वाचत नाही, आजी आठवड्याला दोन संपवतात, आणि रजिस्टरात त्यांचं नावच नाही.

न वाचणाऱ्यांना आवडच नसते, हे मला पटत नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळं अनुदान मिळालं, गावोगाव वाचनालयं उभी राहिली. पण आमचं उघडतं सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास. शेतावर जाणाऱ्या बाईनं यायचं कधी? म्हणून नाशिकहून २००९ साली सुरू झालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना मला फार मोलाची वाटते. पुस्तकांची पेटीच लोकांपर्यंत न्यायची, त्यांनी ती आपसात वाचायची आणि मग दुसऱ्या गटाशी बदलायची.

तेच बघून आम्ही एक पेटी शेजारच्या वाडीतल्या बचत गटाकडं ठेवली. चार महिन्यांनी परत आली तेव्हा दोन पुस्तकांवर हळदीची बोटं उमटली होती. एकात मधेच एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं. कुणाचं तरी वाचायचं राहिलं होतं. तिकीट तसंच ठेवून ते पुस्तक मी पुन्हा त्याच वाडीला पाठवलंय.