छापा, जबाब आणि उलटतपासणी

मानवी तस्करी आणि वेश्याव्यवसायाच्या प्रकरणांत पोलिसांना व सरकारी वकिलांना कोणते प्रशिक्षण मिळायला हवे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, मी पोलीस उपनिरीक्षक आहे. आमच्यासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, त्यात 'पिटा'ची कलमे वाचून दाखवण्यात आली. छापे तर आम्ही घालतोच. तरीही आरोपी सुटतात. प्रशिक्षणात नेमके काय असायला हवे होते?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पोलीस दलात 'पिटा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ याखालील खटला बहुधा छाप्याच्या दिवशीच जिंकला किंवा हरला जातो, आणि तो कसा हरला जातो हे कलमे वाचून कळत नाही.

पहिला मुद्दा अधिकाराचा. कलम १३ प्रमाणे या गुन्ह्यांसाठी विशेष पोलीस अधिकारी नेमावा लागतो व तो निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा असून चालत नाही. तपास अशाच अधिकाऱ्याने करायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली प्रशासन विरुद्ध राम सिंग या प्रकरणात साठच्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट केले आहे. आपण पथकात असाल, साहाय्य कराल. परंतु तपासाची सूत्रे आपल्या हाती दिल्याचे कागदपत्रांवरून दिसले, तर बचाव पक्षाला पहिलाच आक्षेप आयता मिळतो.

दुसरा मुद्दा कलम १५ चा. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची असेल, तर वॉरंट आणण्यात वेळ गेल्यास काय बिघडेल, याची कारणे आत पाऊल टाकण्यापूर्वी लिहून ठेवावी लागतात. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. मात्र स्त्री पंच त्याच परिसरातली असण्याची सक्ती नाही, ही सवलत अनेकांना ठाऊक नसते आणि मग 'महिला पंच मिळाली नाही' असा शेरा पंचनाम्यात येतो. पथकासोबत किमान दोन महिला पोलीस असाव्या लागतात. सोडवलेल्या महिलेची विचारपूस महिला पोलिसानेच करायची असते, आणि तशी कोणी उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या महिला सदस्याच्या उपस्थितीतच ती करता येते. याखेरीज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. पोलिसांनी पाठवलेल्या बनावट ग्राहकाजवळ दिलेल्या नोटांचे क्रमांक आधीच्या पंचनाम्यात एक आणि जप्ती पंचनाम्यात दुसरे, असे घडले की पुढचे सारे चित्रण असूनही उपयोग होत नाही.

माझ्या मते याहून मोठा दोष जबाबात असतो. एकाच छाप्यातल्या पाच महिलांचे जबाब शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य आढळते : 'घरच्या आर्थिक अडचणीमुळे मी हा व्यवसाय स्वखुशीने करते.' लेखनिकाच्या हाताला वळण पडलेले हे वाक्य आहे. तस्करीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ लावायचे, तर धमकी, बळजबरी, फसवणूक, प्रलोभन किंवा सत्तेचा गैरवापर यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. पीडितेची संमती गैरलागू आहे, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पण तिला कोणी आणले, काय सांगून आणले, प्रवासाचे तिकीट कोणी काढले, हे जबाबात विचारलेलेच नसेल, तर या स्पष्टीकरणाचा आधार घ्यायला उरते काय?

येथे 'पिटा'चे कलम ६ मुद्दाम शिकवायला हवे. महिलेला तिथेच राहायला भाग पाडण्याच्या हेतूने तिचे दागिने, कपडे, पैसे किंवा अन्य वस्तू कोणी अडकवून ठेवल्या असतील, तर त्या व्यक्तीने तिला डांबून ठेवले आहे असे कायदा गृहीत धरतो. म्हणून 'तुझी पेटी कुठे आहे, तिची किल्ली कोणाकडे असते, महिन्याचे पैसे कोणाच्या हातात जातात' हे तीन साधे प्रश्न 'स्वखुशी'च्या एका वाक्यापेक्षा कितीतरी अधिक पुरावा देऊन जातात. घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे, असलेली कर्जाची वही तेव्हाच जप्त करावी. ते कथित कर्ज वसूल करण्यासाठी डांबून ठेवणाऱ्याला त्या महिलेवर दावाही लावता येत नाही, असे याच कलमात आहे. हे तिला सांगितले, तर ती पुढे बोलण्याची शक्यता वाढते.

जाता जाता एक कटू गोष्ट. छाप्याची बातमी आधीच फुटते ती पुष्कळदा आतूनच. तस्करीत लोकसेवक किंवा पोलीस अधिकारी सामील असल्यास उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराचा कारावास कलम १४३ मध्ये सांगितला आहे. प्रशिक्षणात हे उपकलम घाईने उरकू नये.

प्रश्न : मी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काम करते. पीडिता न्यायालयात फितूर होते किंवा येतच नाही. दोषारोपपत्र हाती येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आम्हाला काय शिकवले, तर हे बदलेल?

उत्तर : 'फितूर' हा शब्द अशा साक्षीदाराबाबत मला थोडा अन्यायकारक वाटतो. छाप्यानंतर ती संरक्षणगृहात जाते, तिथून कधीतरी सुटते, आणि समन्स निघते तेव्हा ती दुसऱ्या राज्यात किंवा सीमेपलीकडे असते. दरम्यान दलालाचा माणूस मात्र तिच्या घरी जाऊन आलेला असतो. तिच्यावर सारा खटला तोलून धरण्याची पद्धतच बदलायला हवी.

त्यासाठी चार गोष्टी सरावाने शिकता येतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालील न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब लवकर नोंदवून घ्यावा. तो स्वतंत्र पुरावा ठरत नसला, तरी साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखवण्यासाठी उपयोगी पडतो. भाडेकरार, वीजबिल, मोबाइलवरून झालेले पैशांचे व्यवहार, संदेश, प्रवासाची तिकिटे असा कागदोपत्री पुरावा पीडितेच्या साक्षीवाचूनही कुंटणखाना कोण चालवतो हे सांगू शकतो, मात्र इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतचे प्रमाणपत्र दोषारोपपत्राबरोबरच यायला हवे. साक्षीदार दूर असेल, तर दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई या प्रकरणात मान्यता दिली आहे. आणि धमकीची शंका आली, की २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करावा. पीडितेने स्वतःहून मागणी करण्याची वाट पाहू नये. याशिवाय, दलालाचा किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच प्रकरणात सोडवलेल्या मुलींच्या वतीने उभा राहू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर २००२ मध्ये बजावले आहे. पहिल्या तारखेला वकालतपत्रे ताडून पाहण्याची सवय लावून घेतल्यास पुढचा बराच त्रास वाचतो.

आपल्या पत्रातले, दोषारोपपत्र उशिरा हाती येते हे वाक्य मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून अभियोजन पोलिसांपासून वेगळे झाले आणि ते योग्यच झाले. दोषारोपपत्र दाखल करण्यापूर्वी सरकारी वकिलाचे मत घ्यायला तपास अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आहे. त्यामुळे तपासाच्या काळात या दोघांची गाठ क्वचितच पडते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने अभियोजन संचालनालयाकडे गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांवर देखरेख सोपवली आहे, परंतु ती देखरेख कागद तयार झाल्यानंतरची. कायद्याने आखलेली ही रेषा न ओलांडता दोघांना एकत्र बसवण्याची जागा प्रशिक्षण हीच आहे, आणि म्हणून पोलिसांचा वर्ग वेगळा व वकिलांचा वेगळा ही प्रथा मला पटत नाही. २००६ ते २००८ या काळात केंद्रीय गृह मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांत राबवलेल्या प्रकल्पात पोलीस व अभियोक्ते या दोघांसाठीही प्रशिक्षण होते.

माझी सूचना अशी, की निकाल लागलेल्या एका खटल्याचे कागद, सर्व नावे खोडून, दोघांच्या हाती द्यावेत. पोलिसाने पंचनाम्यावर साक्ष द्यावी आणि अभियोक्त्याने बचाव पक्षाचा वकील होऊन त्याची उलटतपासणी घ्यावी. 'स्त्री पंच किती वाजता आल्या?', 'कारणे लिहिलेला कागद कुठे आहे?' या प्रश्नांवर एकदा वर्गात घाम फुटला, की पुढच्या छाप्यात तो कागद आपोआप तयार होतो. नंतर भूमिका उलटवाव्यात. न्यायालयात आलेल्या घाबरलेल्या साक्षीदाराशी कसे बोलावे, हे अभियोक्त्यांनाही शिकायचे आहे.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेश्याव्यवसाय कायदेशीर ठरवला असे वाचले. मग पोलिसांचे छापे बेकायदेशीर ठरत नाहीत का?

उत्तर : तसा अर्थ काढणे घाईचे होईल. बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणातील १९ मे २०२२ च्या आदेशात न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशी आहेत. त्यांपैकी काहींवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली, आणि सज्ञान स्त्री स्वेच्छेने हा व्यवसाय करत असल्यास पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, ही गाजलेली शिफारस हरकत असलेल्यांत मोडते. ज्यांचे पालन करण्याचा आदेश झाला, त्यांत लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला तातडीची वैद्यकीय मदत, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा, पोलिसांचे संवेदनीकरण, छायाचित्रे व ओळख प्रसिद्ध न करणे आणि कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा न मानणे, या गोष्टी आहेत. अर्थात प्रशिक्षण आता ऐच्छिक राहिलेले नाही.

'पिटा' या मूळ कायद्यानेही देहविक्रय या कृतीला सरसकट गुन्हा म्हटलेले नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, मुलगी आणणे, डांबून ठेवणे हे गुन्हे आहेत. मात्र कलम ८ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ग्राहकाला खुणावणे आणि कलम ७ प्रमाणे शाळा, प्रार्थनास्थळ यांसारख्या ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत व्यवसाय करणे यांसाठी खुद्द स्त्रीलाच शिक्षा होऊ शकते. पीडित म्हणून सोडवायचे आणि आरोपी म्हणूनही उभे करायचे, हा विरोधाभास कायद्यातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन सज्ञान स्त्रियांची संरक्षणगृहातून मुक्तता करताना त्यांच्या इच्छेला महत्त्व दिले होते. तो निर्णय प्रत्येक प्रशिक्षण वर्गात पूर्ण वाचला जावा, असे मला वाटते.

प्रश्न : छाप्यात सापडलेली मुलगी 'मी एकवीस वर्षांची आहे' असे सांगते, पण दिसते लहान. अशा वेळी तिला कोणापुढे हजर करावे?

उत्तर : मुलीच्या सांगण्यावर विसंबू नये, तिला तसे सांगायला शिकवलेले असते. ती अठरा वर्षांखालची असल्याचे दिसत असेल, तर तिला काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानून बालकल्याण समितीपुढे न्यावे. 'प्रेरणा'च्या याचिकेवरील, वर उल्लेखलेल्या २००२ च्या निर्णयानुसार अशा मुलीबाबत न्यायदंडाधिकाऱ्याला अधिकार नाही. वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये दिला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा माध्यमिक परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीही नसेल तरच अस्थिचाचणी किंवा अन्य वैद्यकीय चाचणी. व्यवहारात चाचणी आधी होते आणि दाखल्याचा शोध घेतलाच जात नाही. मुलीच्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत शाळेकडे लेखी मागणी त्याच दिवशी पाठवावी व तिची प्रत प्रकरणाला जोडावी.