जुन्या डेस्कटॉपवर स्पेस फ्लाइट सिम्युलेटर चालेल का, की आधी ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

चालेल. कार्ड घेऊ नका.

ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि विंडोज ७ आहे असं तुम्ही लिहिलंय. मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे यातलं निम्मंही नव्हतं. 'ऑर्बिटर' उतरवून घ्या, फुकट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर यांनी तो २००० साली आणला आणि २०२१ मध्ये सोर्स कोडही खुला केला. २०१६ च्या आवृत्तीच्या नादी लागू नका, तिच्यात खरेखुरे डोंगर-दऱ्या आल्यात आणि त्या जुन्या मशीनच्या जिवावर उठतात. २०१० ची घ्या, तीही अडखळली तर २००६ ची.

आता कोणीतरी तुम्हाला सांगेलच, की मशीन स्लो असेल तर सिम्युलेशनच चुकीचं होतं. हे वाक्य मला घरातच ऐकायला मिळालंय, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

२०१३ ची भाऊबीज. त्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला दुपारी, मंगळयान उडालं. आत्या आमच्याकडे नाशिकला सिडकोत आलेली, सोबत आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा. तो पुण्याला आयटीत, आणि नुकतंच त्याने गेमिंगसाठी महागडं मशीन असेंबल करून घेतलेलं, त्यामुळे सकाळपासून आम्ही त्या मशीनचीच आरती ऐकत होतो. टीव्हीवर सांगायला लागले की यान आता पृथ्वीभोवतीच फिरत, टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवत, महिनाअखेरीस मंगळाकडे निघेल. दादा म्हणाला, "एवढ्या चकरा कशाला? सरळ जोर लावायचा ना!" त्याला नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटची ताकद तेवढी नाही हे खरंच आहे, पण मला तिथे गप्प बसवेना. मी म्हटलं, दादा, वर नुसता जोर लावून भागत नाही. एकाच कक्षेत पुढे असलेल्याला गाठायचं तर आधी वेग कमी करावा लागतो.

"म्हणजे सिन्नरच्या घाटात पुढच्या ट्रकला गाठायला तू ब्रेक दाबतोस?"

सगळे हसले. आत्यासुद्धा.

माझा पीसी म्हणजे सातपूरच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेला पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, एक्सपी. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं, नाहीतर तापून बंद पडायचा. त्यावर ऑर्बिटर २००६ लावला. सुरुवातीची स्थिती ठरवायच्या सिनॅरियो एडिटरमधून डेल्टा ग्लायडर हे ऑर्बिटरमधलं काल्पनिक यान आयएसएसच्याच, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनच्याच कक्षेत, पण ५० किलोमीटर मागे ठेवलं आणि म्हटलं, घे, गाठून दाखव.

त्याने प्रोग्रेड, म्हणजे यान चाललंय तीच दिशा, धरलं आणि वेग सेकंदाला ३ मीटरने वाढवला. मी सिम्युलेटरमधला काळ १० पट वेगवान केला. आणि अंतर खरंच कमी व्हायला लागलं! ४९.८, ४९.५, ४९. दादाने चकलीचा तुकडा मोडला आणि आमच्या बाबांकडे बघून भुवया उडवल्या. पुढे ४८.७ वर आकडा घुटमळला. थांबला. मग उलटा फिरला. ४९, ५०, ५५, ६०... पृथ्वीची एक फेरी पूर्ण झाली तेव्हा स्टेशन १०० किलोमीटर पुढे.

वेग वाढवला की कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, आणि तुम्ही मागे पडता. आयएसएसच्या उंचीवर हिशेब असा बसतो की सेकंदाला १ मीटरचा फरक केला की एका फेरीत साधारण साडेसोळा किलोमीटरचा फरक पडतो. मी तोच सिनॅरियो पुन्हा उघडून रेट्रोग्रेडला, म्हणजे उलट दिशेने, ३ मीटर मारले. पहिली काही मिनिटं अंतर वाढलं, मग घसरत गेलं, आणि एका फेरीत स्टेशन समोर हजर. तिथे पुन्हा ३ मीटर प्रोग्रेड दिले की तुम्ही त्याच्यासोबत.

यावर आमच्या दादांचा निकाल काय? "तुझा पीसी स्लो आहे रे. फ्रेम ड्रॉप होतात, म्हणून कॅल्क्युलेशन चुकतं. माझ्या मशीनवर असं होणार नाही." आणि घरच्यांना ते पटलं! महागड्या मशीनवाल्याचं पटतंच.

म्हणून आता आकडेच मांडतो. माझ्याकडे सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे पडद्यावर १२ चित्रं, मिळायच्या. काळ १० पट, म्हणजे दर फ्रेमला सिम्युलेटर सेकंदापेक्षाही छोटं पाऊल टाकतो. एक फेरी साडेबाण्णव मिनिटांची. एवढ्या छोट्या पावलांत ५० किलोमीटरची चूक होईलच कशी? तेही पटत नसेल तर जून १९६५ चं नासाचं जेमिनी ४ यान बघा. त्यातला अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला निघाला, त्या दिशेने इंजिन मारत राहिला आणि टप्पा हाती लागेना. शेवटी इंधन वाचवायला नाद सोडावा लागला. त्याचे काही फ्रेम ड्रॉप होत नव्हते. कक्षेत दोन यानांची भेट कशी घडवायची याचं गणित पुढे अंतराळवीर झालेल्या बझ ऑल्ड्रिनने १९६३ लाच एमआयटीत डॉक्टरेटसाठी मांडून ठेवलं होतं, आणि डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ए ने खालच्या कक्षेतून येऊन जेमिनी ७ ला गाठलंसुद्धा.

असो. तुमचं सेटिंग. व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ढगांच्या सावल्या, पाण्यावरची चमक, पार्टिकल स्ट्रीम्स (इंजिनाचा धूर वगैरे) हे सगळं बंद. फुल स्क्रीन नको, ८०० बाय ६०० ची विंडो ठेवा. एफ८ ने व्हर्च्युअल कॉकपिटमधून बाहेर या, साधं पॅनल हलकं पडतं. एमएफडीचा, म्हणजे पॅनलवरच्या माहिती दाखवणाऱ्या छोट्या पडद्यांचा, रिफ्रेश १ सेकंदावर ठेवा, हे कोणी सांगत नाही पण जुन्या प्रोसेसरला याने जीव येतो. आणि नंबरपॅडवाला कीबोर्ड हवाच, त्याच्याशिवाय डॉकिंग करणं, म्हणजे यान स्टेशनला जोडणं, ही शिक्षा.

एक मात्र आहे. काळ १००० पट किंवा वर नेलात आणि यान पृथ्वीजवळ असेल, तर कमी फ्रेममुळे पावलं खरोखर मोठी होतात आणि कक्षा बिघडू शकते. वातावरणात परतताना १० पटीलाही यान डगमगतं, तिथे १ वरच ठेवा. तेवढ्यापुरतं स्लो मशीनचं म्हणणं खरं. पण ते १००० पटीचं झालं, १० चं नाही, आणि भाऊबीजेला काळ १० पटच होता.

विंडोज १० वर गेलात तर ऑर्बिटरचे मूळचे जुन्या डायरेक्टएक्सचे ग्राफिक्स त्रास देतात, तेव्हा डी३डी९ क्लायंट हा ग्राफिक्सचा जोड-प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो. सध्या ७ वरच राहा.

इन्स्टॉल झालं की सगळ्यात आधी वरचा ५० किलोमीटरवाला प्रयोग करा, दोन्ही बाजूंनी. तुमचं मशीन माझ्यापेक्षा बरंच वेगवान आहे, तेव्हा शेवटचे आकडे दिसतील असा स्क्रीनशॉट इथे टाका. आमच्या फॅमिली ग्रुपवर पाठवायचाय.